दिवा जरूर लावा, भोक मात्र पाडू नका

द्राक्षाचा हंगाम भरात आला की ओझरच्या परिसरात उजाडायच्या आधीच गाड्या हलू लागतात. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत पिंपळगाव, सुकेणे, जानोरी, मोहाडी या बाजूंच्या मळ्यांकडे जाणाऱ्या वाटांवर अंधारातच पिकअप आणि कॅम्पर धावताना दिसतात. कॅम्पर म्हणजे महिंद्राची बोलेरो कॅम्पर. पुढे दोन ओळींची केबिन, मागे छोटा हौदा. पुढे मालक, मुकादम आणि दोन-तीन माणसं. मागे जाळीचे कॅरेट, फवारणीचं पिंप, ठिबकच्या नळ्यांचं बंडल, छाटणीच्या कात्र्या. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतली बागायती शेती आज अशाच गाड्यांच्या पाठीवर चालते.

या गाड्यांना मालक जादा दिवे लावून घेतात आणि त्यात वावगं काहीच नाही. वावगं आहे ते लावण्याच्या रीतीत. गॅरेजमध्ये गाडी उभी राहते, ड्रिल मशीन सुरू होतं, केबिनच्या छतात किंवा हौद्याच्या पत्र्यात चार भोकं पडतात, वायर आत ढकलली जाते आणि वरून सिलिकॉन चोपडलं जातं. पाव तासाचं काम. त्या पाव तासात झालेलं नुकसान दोन पावसाळ्यांनी दिसू लागतं आणि मग ते भरून निघत नाही. जादा दिव्यासाठी गाडीला एकही भोक पाडावं लागत नाही, हे ठामपणे सांगायची वेळ आली आहे. भोक न पाडता लावलेला दिवाही कुठे बसवायचा, कुठे वळवायचा आणि कधी विझवायचा याची शिस्त लागते, हेही त्याच दमात सांगायला हवं.

आधी गरजेबद्दल. अनेक ठिकाणी शेतीपंपांना थ्री फेज वीज आलटून-पालटून मिळते, एका आठवड्यात दिवसा तर दुसऱ्यात रात्री. रात्रीचं पाणी भरायला निघालेल्या माणसाला हेडलाइटचा उजेड समोर विहिरीपर्यंत पुरतो. गाडीच्या डाव्या-उजव्या अंगाला, स्टार्टरच्या पेटीपाशी, उसाच्या बांधावर मात्र काळोखच असतो. निफाड तालुक्यातल्या उसात बिबट्यांचा वावर आहे, आणि रात्रीऐवजी दिवसा वीज द्या ही इथल्या शेतकऱ्यांची मागणी त्या भीतीतूनही आलेली आहे. थंडीत निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा पिकत आलेले मणी तडकू नयेत म्हणून बागायतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबकने पाणी सोडतात. हंगामात पेठ, सुरगाण्याकडून मजूर येतात. त्यातल्या कितीतरी बाया-माणसांना हौद्यात बसवून नेलं जातं. ते नियमात बसत नाही आणि बंदच व्हायला हवं. पण जोवर ते चालू आहे तोवर फाळक्यापाशी अंधारात उडी मारून उतरणाऱ्या बाईच्या पायाखाली काय आहे हे तिला दिसायला हवं. कंपनीतून येणाऱ्या गाडीचे दिवे रस्त्यासाठी असतात. हौदा, पायरी आणि बाजू यांच्यासाठी नसतात. म्हणजे दिव्याची मागणी हौसेची नाही, कामाची आहे.

आता भोकाबद्दल. कारखान्यात गाडीचा सांगाडा फॉस्फेटच्या द्रावणातून काढतात, मग विजेच्या भाराने रंग चढवणाऱ्या टाकीत अख्खाच्या अख्खा बुडवतात, त्यावर प्रायमर आणि रंगाचे थर देतात. पत्र्याच्या कानाकोपऱ्यात, आतल्या पोकळीतही हे कवच पोचतं. ड्रिलचं बिट आरपार गेलं की भोकाच्या कडेला उघडं पोलाद उरतं, आणि आतल्या बाजूला लोखंडाचा कीस पडून राहतो. वरून लावलेलं सिलिकॉन बाहेरच्या तोंडाला बसतं, आतल्या कडेला ते पोचत नाही. पाणी शिरतं, कीस गंजतो, गंज रंगाखालून पसरत जातो आणि एके दिवशी रंगाला फोड येतो. तो दिसतो तेव्हा खालचा पत्रा पोखरलेला असतो.

द्राक्षपट्ट्यात या गंजाला आणखी एक साथीदार आहे. फवारणीसाठीचं मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण लोखंडी भांड्यात करू नये, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मिश्रणात चुना कमी पडला की बुडवलेल्या लोखंडी सळईवर तांबूस थर चढतो, आणि तोच मिश्रण तपासण्याचा घरगुती मार्ग आहे. मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळतं. फवारणीची पिंपं ज्या हौद्यातून जातात, ज्याच्या पत्र्यावर मोरचुदाचे शिंतोडे उडतात, त्याच पत्र्यात उघड्या कडांची भोकं पाडणं म्हणजे गंजाला आवतण देणं. शिवाय गंधकाची फवारणी असतेच.

दुसरा धोका वायरीचा. भोकाची कड पात्यासारखी धारदार असते. त्यात रबरी ग्रोमेट न बसवता वायर ओढली, की कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी तिचं वेष्टण घासून निघतं. आतली तार पत्र्याला टेकली की शॉर्ट, आणि मध्ये फ्यूज नसेल तर आग. अनेक गाड्यांत जादा दिव्यांची वायर टेललाइटच्या वायरीला सोलून गुंडाळलेली असते. मूळ वायर त्या भारासाठी जाडच नसते.

भोकाची किंमत ओझरच्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागू नये. १९६४ मध्ये इथं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला तो मिग-२१ विमानांसाठी. पुढे इथं सुखोई-३० बांधली गेली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए विमानाने याच धावपट्टीवरून उड्डाण केलं. ओझर टाउनशिपमध्ये अशी कितीतरी घरं आहेत जिथल्या माणसांचं सगळं आयुष्य पत्र्यात भोक पाडणं, ते मोजणं, त्यात रिव्हेट बसवणं यात गेलं. विमानात भोक कुठे पडणार, केवढं पडणार, त्याची कड कशी घासायची हे आधी कागदावर ठरतं.

त्यामागे साधं गणित आहे. जर्मन अभियंता किर्श याने १८९८ मध्ये दाखवून दिलं की ताणलेल्या पत्र्यात एक गोल भोक पाडलं तर भोकाच्या कडेवरचा ताण इतरत्र असलेल्या ताणाच्या तिप्पट होतो. भोक लहान असो की मोठं, तिप्पटच. तडा जायचा तर तिथूनच जातो. १९५४ च्या जानेवारी आणि एप्रिलमध्ये ब्रिटनची दोन कॉमेट जेट विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. त्यांतल्या पहिल्याचे अवशेष एल्बा बेटाजवळच्या समुद्रातून काढून जोडले, तेव्हा छतावरच्या अँटेनाच्या झरोक्याजवळच्या भोकापाशी तड्याचा उगम सापडला. केबिनमध्ये हवेचा दाब वाढत-उतरत राहिला आणि प्रत्येक उड्डाणाला तडा थोडा थोडा सरकत गेला. पिकअपच्या छतावर विमानाइतका ताण नसतो, हे खरं. पण चॅसीवर, खांबांवर, हौद्याच्या आडव्या पट्ट्यांवर तो रोजचा असतो, त्यातही क्षमतेहून जास्त माल भरलेल्या गाडीत तर फारच. चॅसीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीत भोक पाडू नये, असं ट्रक बनवणाऱ्या कंपन्या बॉडी बांधणाऱ्यांना लेखी बजावतात ते याचसाठी.

भोक नको तर काय? चार वाटा आहेत, आणि त्यांतली पहिली सगळ्यांत चांगली.

पहिली वाट म्हणजे गाडीत आधीच असलेले बोल्ट आणि नळ्या. केबिनच्या मागे हौद्याला जी लोखंडी जाळी किंवा आडवी नळी असते, तिच्यावर रबर घालून क्लॅम्प आवळला की दिवा बसला. फाळक्याच्या बिजागरीचे बोल्ट, नंबरप्लेटची पट्टी, ताडपत्री बांधायचे हुक, टेललाइटच्या कंसाचे बोल्ट, यांतल्या एखाद्या बोल्टाच्या जागी तेवढ्याच ताकदीचा थोडा लांब बोल्ट घालून त्याखाली पट्टी बसवता येते. नायलॉनची कडी असलेला नट वापरला तर हादऱ्याने तो सुटत नाही. द्राक्षबागेचे अँगल आणि तारा उभारणाऱ्या इथल्या वेल्डिंगवाल्यांना अशी पट्टी आणि क्लॅम्प बनवणं डाव्या हाताचं काम आहे. ॲल्युमिनियमची पट्टी लोखंडावर बसवायची असेल तर मध्ये रबराचा तुकडा हवाच, नाहीतर दोन धातूंमध्ये ओल साचून गंज धरतो.

दुसरी वाट चिकटपट्टीची. स्टेशनरीच्या दुकानातली फोमची डबल टेप इथं कामाची नाही. उन्हाळ्यात हात लावता येणार नाही इतक्या तापलेल्या पत्र्यावर ती चार दिवसांत सुटते. ॲक्रिलिक फोमची जाड पट्टी मात्र वेगळी असते. थ्रीएम कंपनीने १९८० मध्ये व्हीएचबी नावाने ती बाजारात आणली, आणि तेव्हापासून ट्रकच्या बॉडीचे पत्रे नि इमारतींच्या दर्शनी पट्ट्या जगभर तिने चिकटवल्या जात आहेत. तिचा हिशेब असा की एक किलो वजनाला साधारण ५५ ते ६० चौरस सेंटिमीटर पट्टी लागते. अर्ध्या किलोच्या दिव्याला अडीच सेंटिमीटर रुंदीची, बारा सेंटिमीटर लांबीची पट्टी पुरते. गाडी ताशी ८० किलोमीटरने धावत असताना हाताच्या तळव्याएवढ्या दिव्यावर वाऱ्याचा दाब येतो तो जेमतेम तीन-चारशे ग्रॅम वजनाइतका. दिवा सुटतो तो वाऱ्यापेक्षा हादऱ्यांनी, आणि त्याहून जास्त वेळा न पुसलेल्या धुळीने.

चिकटवण्याचं सगळं यश पूर्वतयारीत असतं. पत्रा आधी साबणाने धुवायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं घेऊन पुसायचा, वाळू द्यायचा, पट्टी लावून अंगठ्याने जोरात दाबायची. अंदाजे वीस अंशांवर पट्टीची निम्मी ताकद वीस मिनिटांत येते, नव्वद टक्के एका दिवसात आणि पूर्ण ताकद तीन दिवसांत. म्हणजे शुक्रवारी दिवा चिकटवला तर सोमवारपर्यंत गाडी धुवायला न्यायची नाही. डिसेंबरच्या पहाटे गार पत्र्यावर ती नीट धरत नाही, म्हणून दुपारी काम करावं. जुनाट, पांढरी भुकटी सुटणाऱ्या रंगावर आणि बंपरच्या प्लास्टिकवर ती तशीच लावू नये. काढायची वेळ आली तर मासेमारीचा नायलॉन दोरा मागून करवतीसारखा फिरवला की दिवा निघतो आणि उरलेली पट्टी अंगठ्याने चोळून सुटते. पत्रा होता तसा राहतो.

चिकटवलेलं टिकतं का, अशी शंका वायरमन मंडळी काढतात, आणि ती रास्त आहे. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाईमध्ये अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचं छत हवेत उडून गेलं आणि एका हवाई सेविकेचा जीव गेला. त्या विमानाच्या पत्र्यांचे सांधे आधी चिकटवलेले आणि मग रिव्हेट मारलेले होते. समुद्राच्या दमट हवेत चिकटवण सुटली, सगळा भार रिव्हेटच्या भोकांवर आला आणि तडे भोकाभोकातून धावत गेले. या एका अपघातात दोन्ही धडे आहेत: निष्काळजीपणे चिकटवलेलं सुटतं, आणि सुटलं की भार भोकांवरच येतो. म्हणून चिकटवलेल्या दिव्याला बागेतली पातळ तार घेऊन एखाद्या हुकाशी सैल बांधून ठेवावं. पट्टी सुटलीच तर दिवा मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर जाणार नाही, आपल्याच गाडीला लोंबकळेल. आज विमानंही भोकं टाळण्याच्याच दिशेने निघाली आहेत. तेजसच्या सांगाड्याचा मोठा भाग कार्बन तंतूंचा आहे, आणि त्याचे कितीतरी भाग एकत्र भाजून एकजीव केलेले असल्याने त्यात जोडखिळे आणि भोकं पूर्वीच्या धातूच्या विमानांपेक्षा खूप कमी लागतात.

तिसरी वाट लोहचुंबकाची. रबराचं आवरण असलेला चुंबकी पाया पोलादी पत्र्याला घट्ट धरतो, काम झालं की दिवा उचलून डब्यात ठेवता येतो. रात्री पाणी भरणाऱ्यासाठी याहून सोयीचं काही नाही. पण ॲल्युमिनियमच्या हौद्याला किंवा फायबरच्या टपाला तो चिकटत नाही, आणि सरळ ओढायला जेवढा जोर लागतो त्यापेक्षा फार कमी जोराने तो बाजूला सरकतो. चुंबकाखाली धुळीचा कण राहिला तर रंगावर ओरखडे उठतात. उभ्या गाडीसाठी चुंबक उत्तम, महामार्गावर धावणाऱ्या गाडीसाठी नाही. चौथी वाट वीजच नको म्हणणाऱ्या चार्जिंगच्या दिव्यांची. ते हौद्याच्या नळीला हुकाने अडकवावेत.

वायर आत नेण्यासाठीही भोक लागत नाही. इंजिनच्या बाजूने केबिनमध्ये जाणारी कंपनीची रबरी ग्रोमेट असते, तिच्यातून आणखी एक पातळ वायर जाते. मागे नेताना चॅसीवरच्या मूळ वायरींच्या जुडग्याला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधत न्यावी, सायलेन्सरपासून लांब ठेवून. अठरा वॅटचे दोन एलईडी दिवे १२ व्होल्टवर मिळून तीन अँपिअर घेतात, आणि हौद्याच्या कामाला तेवढे पुरतात. जुना हॅलोजनचा एकच ५५ वॅटचा दिवा त्याहून दीडपट खातो. बॅटरीच्या धन टोकाजवळच पाच अँपिअरचा फ्यूज, मग रिले, मग दिवा. अर्थिंगची वायर कंपनीच्या बॉडीबोल्टला. फ्यूज दिव्याजवळ नव्हे, बॅटरीजवळ हवा, कारण शॉर्ट व्हायचं ते मधल्या वायरीत.

कायद्याचा भाग अनेकांना नकोसा वाटतो, पण तो टाळता येणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपुस्तकाशी आणि कंपनीच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. पुढच्या लोखंडी गार्डांवर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांना कारवाई करायला सांगितलं तेही याच कलमाच्या आधारे. दिव्यांसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळे नियम आहेत. नियम १११ प्रमाणे पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. अपवाद फक्त नोंदणी अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने. नियम १०८ प्रमाणे मागे लाल सोडून दुसरा उजेड चालत नाही. इंडिकेटर, नंबरप्लेटचा दिवा, रिव्हर्सचा दिवा यांसारख्यांना सूट आहे. म्हणजे हौद्यावरचा पांढरा दिवा गाडी रस्त्याला लागताच विझलाच पाहिजे.

भोक नाही म्हणून दिवा कायदेशीर ठरत नाही. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण छतावर चिकटवलेल्या एलईडी बारच्या बचावात नेमका हाच युक्तिवाद ऐकू येतो. मुंबई-आग्रा महामार्गावर ओझर ते पिंपळगाव असा रात्री एकदा प्रवास केला तरी पुरे. समोरून येणाऱ्या गाडीच्या टपावर चार-चार पांढरे पट्टे पेटलेले, डिप्पर मारून काही उपयोग नाही, आणि त्या झोतामागे मोटरसायकल आहे की बैलगाडी हे कळायला मार्ग नाही. नियम १०६ सांगतो की पुढचा दिवा आठ मीटर अंतरावर, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवणारा नसावा. दीड मीटर म्हणजे साधारण मोटरसायकलवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची. ही चाचणी कुणालाही घरच्या भिंतीवर करता येते. आठ मीटरवर गाडी उभी करायची, भिंतीवर दीड मीटरला खडूने रेघ मारायची, झोताचा भर त्या रेघेच्या खाली राहिला पाहिजे. छतावरच्या बारने ही रेघ पाळणं जवळपास अशक्य आहे. तिथं तो लावूच नये.

रस्त्यावर खरा जादा उजेड लागतो तो मागे आणि बाजूला, आणि तिथं त्याला वीजही लागत नाही. परावर्तक पट्टी ही भोक न पाडता लावता येणारी सगळ्यांत स्वस्त सोय आहे: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. मालवाहू गाड्यांना ती नियम १०४ प्रमाणे लागतेच. तरी मळकी, फाटकी, मातीने झाकलेली पट्टी घेऊन उसाच्या ट्रॉल्या आणि पिकअप रस्त्यावर येतात. १२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी नाशिकच्या द्वारका परिसरातल्या उड्डाणपुलावर लोखंडी सळ्या नेणाऱ्या ट्रकवर मागून एक टेम्पो आदळला. निफाड तालुक्यातला धार्मिक कार्यक्रम आटोपून सिडकोकडे परतणारी तरुण मुलं त्यात होती. अनेकांचे जीव गेले. तो अपघात नेमका कशाने घडला हा तपासाचा विषय आहे. पण बाहेर आलेला माल आणि संथ चाललेली गाडी मागच्याला दुरून दिसणं किती महत्त्वाचं आहे, हे त्या संध्याकाळनंतर नाशिककरांना नव्याने सांगायला नको. जादा दिव्यावर हजारो रुपये घालणाऱ्या मालकाने आधी मागची लाल पट्टी ओल्या फडक्याने पुसावी आणि फाटली असेल तर नवी लावावी.

राहत्या गाड्यांचाही प्रश्न आता आपल्याकडे येऊ घातला आहे. अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात उचलून ठेवायची घरं असतात; त्यांतल्या अनेकांच्या ॲल्युमिनियमच्या कातडीखाली लाकडी चौकट असते, आणि एका भोकातून शिरलेलं पाणी ती चौकट आतून कुजवतं. म्हणून तिथंही दिवा लावताना ड्रिल टाळणंच शहाणपणाचं. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. गाड्यांना टप बांधून फिरणारी तरुण जोडपी नाशिकच्या घाटांवर, धरणांच्या काठांवर दिसू लागली आहेत. त्यांनाही हेच लागू.

वायरमनचा आणखी एक मुद्दा असतो: क्लॅम्पवर बसवलेला दिवा चोरीला जातो. जातो खरा. पण साध्या पान्याने न खुलणारे खास डोक्याचे बोल्ट बाजारात मिळतात, आणि भोकातून बसवलेला दिवाही चोराला दहा मिनिटांहून जास्त अडवत नाही. बोल्ट पक्का आणि चिकटवलेलं कच्चं ही समजूत कामाच्या सवयीतून आली आहे. ती मोडायची तर वायरमनला दोष देऊन भागणार नाही. त्याला क्लॅम्प, पट्टी, फ्यूज, रिले असा तयार संच वाजवी दरात मिळायला हवा, आणि तो बसवण्याची मजुरी भोकाच्या मजुरीइतकी तरी मिळायला हवी. नाशिकच्या आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक आणि वायरमनचे वर्ग चालतात. तिथं दोन दिवसांचा एक धडा यावर घेता येईल.

जबाबदारी गाडी बनवणाऱ्यांचीही आहे. महिंद्राचा मोटारींचा कारखाना नाशिकमध्येच, सातपूरला आहे. आपली पिकअप आणि कॅम्पर कुठे जाते, रात्री काय करते, हे त्या कंपनीला सांगावं लागत नाही. अमेरिकेत फोर्डच्या सुपर ड्यूटी पिकअपमध्ये जादा दिव्यांसाठी फ्यूजसकट तयार स्विच कारखान्यातूनच मिळतात. मालकाने फक्त वायर जोडायची. आपल्या शेतीच्या गाड्यांना केबिनच्या मागे आटे असलेले चार नट, फाळक्यापाशी दोन, आणि डॅशबोर्डखाली फ्यूज घातलेली एक मोकळी वायर एवढंच दिलं, तर ड्रिल मशीनचं कामच संपेल. याचा खर्च गाडीच्या किमतीत दिसणारही नाही. हौद्यावरचा दिवा गाडी गिअरमध्ये पडताच आपोआप विझेल, असं सर्किटही तिथंच बसवता येईल, म्हणजे नियम १०८ मोडायची पाळीच येणार नाही.

आणि परिवहन कार्यालयाने एक काम करावं. काय चालतं आणि काय चालत नाही हे एका पानावर, चित्रांसकट, मराठीत छापून पासिंगच्या रांगेत आणि गॅरेजच्या भिंतींवर लावावं. ऑक्टोबरच्या छाटणीच्या आधी, पिंपळगाव बाजार समितीच्या आवारात टोमॅटोच्या गाड्या लागतात तेव्हा, दंडाच्या पावत्या घरी ठेवून एक दिवस दिव्यांची तपासणी करावी: एक भिंत, आठ मीटरची दोरी, दीड मीटरची रेघ, आणि ज्याची मागची पट्टी फाटली आहे त्याला तिथल्या तिथं लावून द्यायला लाल पट्टीची रिळं.